यादीबाहेरचा कीबोर्ड

नव्या संगणकावर हेमांगीने टाइप केलेली पहिली ओळ नेहमीचीच होती : ‘कारणे हक्कसोड पत्र लिहून देतो ऐसाजे’. सदानंद वकिलांच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षे तिने दस्तच टाइप केले होते. ही ओळ मनात यायच्या आत बोटांतून उतरत असे. बोटे थांबली, तशी शेजारच्या टेबलावरची आग्नेस खुर्ची सरकवत जवळ आली आणि खुदकन हसली.

“ताई, ही कुठली भाषा गो? साहेबांनी परदेशात जमीन घेतली काय?”

“का? काय आलंय?”

“बघ ना तूच. नुसता खिचडा आलाय. एक शब्द धड नाही.”

हेमांगीने मान किंचित डावीकडे वळवली आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे पाहिले. पांढऱ्या उजेडात मुंग्यांची रांग गेल्यासारखे काहीतरी होते. त्यापलीकडे तिला काही कळणार नव्हते, आणि ते आग्नेसला कळू द्यायचे नव्हते.

“सेटिंग बदललं असेल,” ती म्हणाली. “बघते मी.”

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितले होते की डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे आणि त्यावर आज तरी उपाय नाही. कडेचे दिसत राहील, मधले जाईल. झालेही तसेच. रस्त्यातला खड्डा तिला दिसे, येणारी रिक्षा दिसे, अंगणातली तुळस दिसे. पण ज्याच्याकडे पाहावे तेच नाहीसे होई. माणसाचा चेहरा म्हणजे कान, केस आणि मध्ये करडा गोळा. पडद्यावरचे अक्षर लाडवाएवढे मोठे केले तर कडेने ओळखू येई, एका वेळी एक. कार्यालयात तिने सांगितले होते, चष्म्याचा नंबर वाढलाय.

ते खपून गेले याला कारण होते. साहेब दस्ताचा मजकूर फोनवर बोलून पाठवत. हेमांगी कानाला हेडफोन लावून ऐके आणि टाइप करी. टाइपरायटरवर शिकलेली रेमिंग्टनची मांडणी तिच्या बोटांत होती : ऱ्हस्व वेलांटी आधी, मग अक्षर. तिला पडद्याची गरज नव्हती. टाइप झाल्यावर आग्नेसने मोठ्याने वाचायचे आणि हेमांगीने साहेबांच्या आवाजाशी ताडून पाहायचे, असा पायंडा तिने स्वतःच पाडला होता. “एकाने वाचलं की चूक राहते, दोघींनी केलं की राहत नाही,” असे ती सांगे, आणि तीन वर्षांत तिच्या दस्तात सर्वे नंबरचा एक आकडा चुकला नव्हता.

सांगायला काय हरकत होती, असे कोणी विचारले असते तर तिच्याकडे उत्तर तयार होते. दस्तात एक आकडा इकडचा तिकडे झाला की एकाचे शेत दुसऱ्याचे होते. जिला दिसत नाही तिने टाइप केलेला कागद कोण हातात धरील? नोकरी जाईल हे तर खरेच. पण मागच्या सगळ्या दस्तांवरही लोक बोट ठेवतील, याची तिला जास्त भीती वाटे.

आणि आता बोटांनीच दगा दिला होता. बोटांनी की संगणकाने, ते तिला अजून समजले नव्हते.

*

विघ्नेश पँट्रीशेजारच्या लहान खोलीत दोन लॅपटॉप उघडून बसला होता. बाहेरच्या कंपनीकडून आलेला हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा इंजिनीयर विरारला मनवेलपाड्यात राहत असे, आणि आठवडाभर या बावीस संगणकांच्या मागे होता. पूर्वी नवे मशीन आले की माणूस सीडींचा गठ्ठा घेऊन यायचा, एकेका टेबलाशी दोन-दोन तास बसायचा, प्रत्येकाला काय हवे-नको ते विचारायचा. विघ्नेशने एक यादी केली होती. मशीनला तार जोडायची, चालू करायचे आणि बाजूला व्हायचे. यादीतले एकेक सॉफ्टवेअर आपणहून येऊन बसे.

“बोला मॅडम. कुठला टेबल?”

“खिडकीजवळचा. माझा मराठी कीबोर्ड बदललाय. मला रेमिंग्टन लागतो.”

त्याने लॅपटॉपवर काहीतरी शोधले. “तुमच्या नावापुढे फोनेटिक आहे. तुम्हीच टिक केलंय, सहीपण आहे. हे बघा ना.”

त्याने एक कागद तिच्यापुढे धरला. त्या कागदाची तिला पक्की आठवण होती. महिन्यापूर्वी कार्यालयाच्या व्यवस्थापक विनया मॅडमनी तो सगळ्या टेबलांवर फिरवला होता : आपण काय काय वापरता, खूण करा. बारीक टाइप, चौकोनांच्या रांगाच रांगा. हेमांगीने सहज विचारल्यासारखे करून आग्नेसला विचारले होते, “तू कुठे कुठे केलंस?” आणि आग्नेसने बोट फिरवून दाखवले होते त्या त्या ठिकाणी खुणा करून सही ठोकली होती. आग्नेस फोनेटिकवर, म्हणजे इंग्रजी अक्षरांवरून, मराठी टाइप करणारी. ती चूक त्या वेळी लक्षात येण्याची काही सोय नव्हती.

“गडबडीत चुकले मी,” ती म्हणाली. “आता घालून द्या ना. पाच मिनिटांचं काम.”

“पाच मिनिटांचं असतं तर आत्ता केलं असतं, मॅडम. विंडोजच्या नव्या मशीनमध्ये रेमिंग्टन येतच नाही. तुमचं ते जुनं वेगळं सॉफ्टवेअर होतं, कुठल्या जमान्यातलं. मी बघितलंय ते. सायलेंट बसत नाही.”

“म्हणजे?”

“यादीतलं बाकी सगळं गुपचूप बसतं. कोणाला काय विचारत नाही. हे तुमचं पावलापावलाला विचारतं, पुढे जाऊ का? मान्य आहे का? आणि ते विचारतं पडद्यामागे, कोणाला दिसत पण नाही. कोण हो बोलणार? मग ते थांबतं, आणि त्याच्या मागे पूर्ण लाइन थांबते.”

“मग माझ्या एकटीच्या मशीनवर हाताने घाला.”

“घातलं असतं. पण रोज सकाळी नऊला सिस्टम चेक करते. यादीबाहेरचं दिसलं की काढून टाकते. उद्या सकाळी ते नसणार.” तिचा चेहरा पाहून त्याने आवाज खाली आणला. “यादीत बदल करायचा तर फॉर्म आहे. कोणासाठी, कशासाठी, कारण लिहायचं आणि विनया मॅडमची सही. पण खरं सांगू? फोनेटिक सोपं आहे. माझी आई शिकली, पंधरा दिवसांत. कीकडे बघून बघून येतं.”

“हो,” हेमांगी म्हणाली. “बघून बघून येत असेल.”

*

त्या संध्याकाळी राजावलीच्या घरी तिने नवऱ्याला ओट्यावर बसवले आणि पुतण्याच्या जुन्या संगणकाचा कीबोर्ड मांडीवर घेतला. जितेंद्र गावच्या नळयोजनेचे व्हॉल्व्ह फिरवत असे. कुठल्या आळीचा नळ किती आटे फिरवला की सुटतो हे त्याला डोळे मिटून येई, आणि त्या गोष्टीचा त्याला अभिमानही होता.

“बोल. ‘क’ कुठं हाय?”

“मधल्या वलीत. डावा हात नाय, उजवा. त्याच्या बाजूचा. नाय, तो दुसऱ्या बाजूचा.”

“नीट सांग ना.”

“मना इंग्रजी कुठं येतंय धड? तू दाब, मी बोलतू बरोबर का चूक. पान्याचा व्हॉल्व्ह असता तर एकदाच फिरवून दिला असता तुना.”

ती हसली, आणि मग दीड तास दाबत राहिली. इंग्रजी टंकलेखनाच्या परीक्षेला ती कधी बसलीच नव्हती. इंग्रजी कळांपैकी जी चार-सहा रोज लागत तेवढीच बोटांना ठाऊक होती. दहा अक्षरे पाठ झाली की अकराव्याला बोट जुन्या घरी पळे. ‘देणार’ लिहायला तिला मिनिट लागले, आणि ते ‘देणार’ झाले आहे की नाही हे जितेंद्रने पडद्याशी नाक लावून सांगितले. तिने मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास केली होती. राजावलीतली ती पहिली मुलगी, आणि तिच्या बापाने, काशीरामने, त्या दिवशी आळीत पेढे वाटले होते.

“सांगून टाक त्यांना,” जितेंद्र म्हणाला. “कोनाला घाबरतंस? चोरी केलीस काय?”

“तीन वरसं लपवलंय ना. चोरीच झाली ती.”

“अगं, दस्तातला एक तरी आकरा चुकला का?”

“नाय चुकला.”

“मंग?”

तिने कीबोर्ड बाजूला ठेवला. व्हॉल्व्हची वेळ झाली म्हणून जितेंद्र उठला, आणि जाताना तिच्या पाठीवर हात ठेवून गेला.

*

शुक्रवारी सकाळी साडेनऊला साहेबांचा फोन आला. ते पालघरला निघाले होते. आवाजामागे गाडीची घरघर होती.

“हेमांगी, अर्नाळ्याच्या पार्टीचं हक्कसोड पत्र बोलून पाठवलंय. तीन बहिणी आणि भाऊ, नोंदणीला तीनची वेळ मिळालीय. एकपर्यंत विनयाच्या हातात दे.”

“साहेब, आग्नेसला दिलं तर…”

“आग्नेसला दुसरं आहे. आणि अशा दस्ताला तूच लागतेस.” फोन बंद झाला.

तिने संगणक सुरू केला, रेमिंग्टन आपोआप आला असेल अशी वेडी आशा ठेवून एक शब्द टाइप केला आणि मान वळवून पाहिले. काही कळेना. मग तिने आग्नेसला हाक न मारता, फोनच्या कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढला आणि तो ताणून ताणून एकेक अक्षर कडेने वाचले. खिचडाच होता. दहा वाजून गेले होते. ती उठून स्वच्छतागृहात गेली, तोंडावर पाणी मारले आणि परत येताना पॅसेजमध्ये थबकली.

भिंतीशी जुने संगणक रचून ठेवले होते. दुपारनंतर विघ्नेश त्यांतल्या डिस्क पुसणार होता. मॉनिटर सगळे वेगळे काढून आतल्या खोलीत नेले होते. राहिले होते ते नुसते सीपीयूचे डबे, आणि एका खोक्यात कीबोर्डांचा गुंता. तिने हाताने चाचपून आपला डबा ओळखला. त्याच्या उजव्या कोपऱ्याला आग्नेसने कधी काळी वेलंकनीच्या मातेचे चित्र चिकटवले होते, त्याचा गुळगुळीतपणा बोटांना लागला.

पाण्याच्या कूलरची पिन काढून तिने डब्याची पिन लावली. खोक्यातला एक कीबोर्ड जोडला. बसायला खोके घेतले. मॉनिटर नव्हता, आणि तो आणायचा तर विघ्नेशला विचारावे लागले असते. तिने बटण दाबले. आतला पंखा फिरू लागला, डिस्क कुरकुरली, कुरकुर थांबली. तिने पासवर्डचे चार आकडे दाबले आणि परत डिस्कचा आवाज ऐकत बसली. वर्ड कसे उघडायचे ते बोटांना माहीत होते. पुन्हा कुरकुर, पुन्हा शांतता. मग तिने हेडफोन कानाला लावले, साहेबांचा आवाज सुरू केला आणि टाइप करू लागली.

जाणारे-येणारे वळसा घालून जात होते. “ताई, इथे का?” कोणीतरी विचारले. “तिकडे नेट स्लो आहे,” ती म्हणाली, आणि उत्तर पटण्याजोगे आहे का याचा विचारही केला नाही. कानात साहेब बोलत होते : पूर्वेस कै. अमुक यांचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता. तिचे हात कालच्यासारखे चुकून भलत्याच्या दारात जात नव्हते. घर, रस्ता, विहीर, वहिवाट, जिथे जे अक्षर ठेवले होते तिथे ते होते. ती इतकी बुडून गेली की समोर कोणी येऊन उभे राहिले आहे हे तिला कळले नाही.

कोणीतरी हेडफोनला हात लावला. तिने दचकून मान वळवली. कान, केस आणि मध्ये करडा गोळा. आवाजावरून कळले, विघ्नेश.

“मॅडम, याला स्क्रीन नाहीये.”

तिची बोटे कळांवरच थांबली.

“तुम्ही… अर्ध्या तासापासून टाइप करताय. मी तिथून बघत होतो. मला वाटलं, कुठेतरी मॉनिटर असेल.” तो खाली, तिच्या खोक्यापाशी उकिडवा बसला. “तुम्हाला दिसत नाही?”

“दिसतं. मधलं दिसत नाही.”

“कोणाला माहितीय?”

“माझ्या घरी. आणि आता तुम्हाला.”

तो उठला, आत गेला आणि एक मॉनिटर उचलून घेऊन आला. तार जोडल्यावर पॅसेजच्या भिंतीवर उजेड पडला. तो वाकून वाचू लागला. ओठ हलत असल्याचा बारीक आवाज तिला येत होता.

“पहिला शब्द दोनदा आलाय. बाकी…” त्याने खाली सरकवले, आणखी खाली सरकवले. “बाकी बरोबर वाटतंय. तीन पानं आहेत, ताई.”

मॅडमची ताई झाली, हे तिच्या ध्यानात आले. “आकडे वाचा,” ती म्हणाली. “सावकाश. मी ताडते.” तो वाचत गेला, ती साहेबांचा आवाज मागे-पुढे करत ऐकत गेली. एकही फरक नव्हता. साडेबाराला दस्त विनया मॅडमच्या टेबलावर पोचला.

*

“डिस्क पुसायला मी उद्यापर्यंत थांबतो,” दुपारी विघ्नेश म्हणाला. त्याच्या लहान खोलीत दोघेच होते. “पण त्याने काय होणार? सोमवारी तो डबा भंगारात. त्या आधी ते सॉफ्टवेअर यादीत बसायला हवं, आणि ते बसत नाही. मला एकच आयडिया येते. त्याची विंडो दिसो न दिसो, स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, बाहेरून की दाबत राहायच्या. पण कुठल्या, किती, ते मला एकेक करून शोधावं लागेल.”

“शोधायला कशाला हवं? मला येतं.”

“काय येतं?”

“ते बसवणं. मागच्या वर्षी माझं मशीन फॉरमॅट केलं तेव्हा मीच बसवलं, दिसत नव्हतं तरी; दिसत होतं तेव्हाच पाठ झालं होतं. लिहून घ्या. सुरू केलं की एंटर. मग थांबायचं. मग टॅब दोनदा, स्पेस, ते मान्य आहे म्हणतं ना, ते. मग एंटर. मग भाषा विचारतं, खाली बाण तीनदा, एंटर. मग बराच वेळ थांबायचं, आणि शेवटी टॅब एकदा, एंटर.”

विघ्नेशची बोटे तिच्या शब्दांमागे धावत होती. “थांबायचं म्हणजे किती?”

“डिस्कचा आवाज बंद होईपर्यंत.”

“नव्या मशीनला आवाजच नाही, ताई. त्यात फिरणारी डिस्कच नसते.”

हे तिने धरलेच नव्हते. मग त्याने अंदाजाने थांबे घालून स्क्रिप्ट चालवली. पहिली खेप फुकट गेली : विंडो यायच्या आधीच एंटर पडला आणि हवेत विरला. दुसऱ्या खेपेला बाण एक जास्त पडला आणि भाषा भलतीच बसली. तोपर्यंत साडेचार वाजले. विघ्नेशच्या साहेबाचा फोन येऊन गेला, बावीसपैकी किती झाली म्हणून. तो “होताहेत, होताहेत” म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने प्रत्येक थांब्यावर आठ सेकंद घातले आणि हाताची घडी घालून बसला. तिने मनात आकडे मोजले. शेवटचा एंटर पडला, आणि त्याने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

तिने टाइप केले. “कारणे हक्कसोड पत्र लिहून देतो ऐसाजे,” त्याने वाचले, आणि खुर्चीतून उठून खोलीभर एक फेरी मारली. “बसलं! आई शप्पथ, बसलं!”

तिने दोन्ही तळहात टेबलावर सपाट ठेवले.

“आता सही,” तो म्हणाला. “मी लिहितो, सगळ्या बावीस मशीनसाठी. मग कोणासाठी, कशासाठी, हे कोण विचारणार?”

विनया मॅडमनी विचारले. त्या जवळच्याच एव्हरशाईन वसाहतीत राहत, शिस्तीच्या होत्या, आणि वाचल्याशिवाय सही करणे त्यांना ठाऊक नव्हते. सहाला पाच मिनिटे असताना त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावले.

“विघ्नेश, हे काय आहे? यादी कमी करायची म्हणून आपण महिनाभर बसलो ना? रेमिंग्टन बावीस मशीनवर कशाला? कोण वापरतं?”

“मॅडम, भविष्यात कोणाला लागलं तर…”

“भविष्यात कोणी रेमिंग्टन शिकून येणार आहे का?” त्यांनी पेनाने ओळीवर टकटक केले. “एकटी हेमांगी. आणि हेमांगी, तू स्वतः फोनेटिक लिहून दिलं होतंस. आता शीक की. आग्नेस शिकली, मी शिकले. महिनाभर स्पीड कमी पडेल, साहेबांना मी सांगते. काढ रे ही ओळ.”

विघ्नेशने हेमांगीकडे पाहिले असावे; त्याच्या बुटाचा आवाज तिच्या दिशेने झाला. त्याने काही सांगितले नाही. सांगायचे असेल तर ते तिने सांगायचे होते.

“मॅडम, मी शिकू शकत नाही,” ती म्हणाली. “मला कीबोर्डवरची अक्षरं दिसत नाहीत. पडद्यावरची पण नाहीत. तीन वर्षं झाली.”

पेनाची टकटक थांबली.

“काय म्हणतेस?”

“तो फॉर्म मी वाचलाच नव्हता. आग्नेसचा बघून केला. तिला माहीत नाही, तिला काही बोलू नका.”

“आणि दस्त?” विनया मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. “हे सगळे दस्त तू… न बघता?”

“ऐकून, मॅडम. प्रत्येक दस्त दोनदा ऐकून.”

विनया मॅडमनी फॉर्म पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी सही केली. ती कर्रकन उमटलेली हेमांगीला ऐकू आली. “कीबोर्ड राहू दे,” त्या म्हणाल्या. “पण हे साहेबांना सांगावं लागेल. ते मी लपवू शकत नाही, तुला समजतंय ना?”

*

शनिवारी साहेबांनी तिला समोर बसवले आणि कपाटातून गेल्या तीन वर्षांतले दहा दस्त, हाताला येतील तसे, काढले. आग्नेसला बोलावून एकेक वाचायला सांगितले. तिचा आवाज पहिल्या दोन दस्तांत फुटत होता, कारण तिला आदल्या संध्याकाळीच कळले होते आणि ती हेमांगीवर रागावलीही होती : “माझ्याकडून वाचून घेत होतीस आणि मला सांगितलं नाहीस? मी कोण, रेडिओ?” साहेब मूळ कागद समोर ठेवून आकडे तपासत होते. दहाही दस्त निर्दोष निघाले.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हेमांगी, तुझ्या हाताचं काम माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तुला मी जाऊ देणार नाही.”

तिने मान हलवली.

“पण उद्या एखाद्या दस्तावर वाद झाला आणि कोणी विचारलं, हा तपासला कोणी? तर मी काय सांगू?”

“आग्नेस वाचते, साहेब.”

“म्हणजे तपासते आग्नेस.”

“नाही साहेब. वाचते ती. तपासते मी.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. ते वाईट माणूस नव्हते; त्यांनी तिच्या लग्नात अक्षता टाकल्या होत्या. “मला ते पटतं,” ते म्हणाले. “समोरच्या वकिलाला पटणार नाही. आपण असं करू. मजकूर तू टाइप कर. सर्वे नंबर, हिस्सा, क्षेत्रफळ, नावं, तारखा, तिथे जागा मोकळी सोड. ते आग्नेस भरेल, आणि तपासल्याची सही तिची.”

“मी आकडे चुकले नाही, साहेब. एकदाही.”

“मी कुठे म्हटलं चुकलीस?”

साहेबांनी पुढचा कागद ओढला.

सोमवारी सकाळी नऊला सिस्टमने बावीस मशीन तपासली आणि रेमिंग्टनला हात लावला नाही. विघ्नेशने जाण्याआधी तिच्या टेबलाशी येऊन ते सांगितले. तिने त्याला घरच्या तांदळाचे पापड दिले आणि आईलाही दे म्हणाली. मग तिने हेडफोन लावले. साहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता, दमदार, प्रत्येक शब्द सुटा : गाव मौजे राजावली, तालुका वसई, येथील जमीन, सर्वे नंबर एकशे सदतीस, हिस्सा नंबर दोन.

बोटे आकड्यांच्या ओळीवर गेली आणि एकशे सदतीस टाइप करून मोकळीही झाली. ती थांबली. खोडण्याची कळ तिने मोजून तीन वेळा दाबली. मग त्या जागी एक रेघ ओढली, अंगठ्याने अंतर सोडले, ‘हिस्सा नंबर’ टाइप केले आणि पुन्हा रेघ ओढली. शेजारी आग्नेस खुर्ची सरकवून, पेन हातात घेऊन बसली होती.

“हळू गो,” आग्नेस म्हणाली. “मला लिहून घ्यायचंय. कितीवा सर्वे?”

“तू ऐक,” हेमांगी म्हणाली, आणि हेडफोनचा एक कान काढून तिच्याकडे दिला.